रेकीच्या गाडीत बाई हवी

कोकणात एखाद्या चित्रपटाचं शूटिंग ठरलं की कलाकार यायच्या महिना-दोन महिने आधी एक गाडी येते. तिच्यात दिग्दर्शक, छायाचित्रकार, कलादिग्दर्शक, खर्च आणि व्यवस्था बघणारा लाइन प्रोड्यूसर आणि वाटा दाखवायला कोणी स्थानिक माणूस. ही रेकी. घर कुठलं, पुळण (समुद्रकाठची वाळू) कुठली, सूर्य कोणत्या बाजूला मावळतो, जनरेटर कुठवर जाईल, जेवण कुठून येईल, हे सगळं त्या दोन-तीन दिवसांत नक्की होतं. पुढचं वेळापत्रक आणि बजेट त्यावरच उभं राहतं. या गाडीत बहुतेक वेळा एकही बाई नसते.

चित्रपटातल्या स्त्रीविषयी चर्चा सुरू झाली की आपण कथेकडे बघतो. नायिका खंबीर आहे का, तिला स्वतःचं मत आहे का, शेवट तिच्या हातात आहे का. हे प्रश्न रास्तच आहेत. पण पडद्यावर बाई कशी दिसणार, किती वेळ दिसणार, तिच्या तोंडी कोणाचा आवाज असणार, यातलं निदान अर्धं रेकीच्या वहीत, कॉलशीटवर (कोणी किती वाजता कुठे यायचं याचा रोजचा कागद) आणि बजेटच्या तक्त्यात ठरून गेलेलं असतं. म्हणून माझी मागणी साधी आणि थोडी रुक्ष आहे: सरकारी परवानगी किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या प्रत्येक चित्रपटाकडून या तीन कागदांत बायकांची जागा लेखी मागावी.

ही मागणी कोकणातून करायला कारण आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दोनच जिल्हे असे निघाले जिथे बायका पुरुषांपेक्षा जास्त आहेत. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११०० हून अधिक आणि सिंधुदुर्गात १०३० हून अधिक. पुरुष मुंबईला, आधी गिरण्यांत आणि १९८२ च्या संपानंतर मिळेल त्या नोकरीत. मागे शेती, गुरं, म्हातारी माणसं, मुलांच्या शाळा आणि जमिनीच्या खटल्यांच्या तारखा बायकांनी सांभाळल्या. अशा मुलखात कॅमेरा येतो आणि त्याला बाई सापडते ती ठरावीक जागी: गाण्यात टोपली घेऊन नाचणारी कोळीण, दारात मुंबईची वाट बघणारी आई, विहिरीपाशी दिसणारी हडळ, माजघरातली विधवा आत्या. यातली कुठलीच बाई खोटी नाही, पण यातली एकही बाई पडद्यावर पोटासाठी काम करताना दिसत नाही.

टोपलीचंच घ्या. हर्णैच्या पुळणीवर मासळीचा लिलाव होतो तेव्हा माल घेणारी बाई उभ्या उभ्या किती हिशेब करते ते पाहण्यासारखं आहे. कल्ल्यांचा रंग बघून ताजेपणा जोखायचा, टोपलीत वर मोठे नग मांडून खाली बारीक घातलेत का याचा अंदाज घ्यायचा, मासळीच्या वजनाइतका बर्फ धरायचा, टेम्पोचं भाडं धरायचं, संध्याकाळी दापोलीच्या बाजारात काय भाव निघेल तो धरायचा, आणि हे सगळं बोली चढत असताना. एका चुकीच्या बोलीत दिवसाची कमाई जाते. एवढं नाट्य समोर घडत असताना कॅमेरा त्या टोपलीचा उपयोग नाचातली वस्तू म्हणून करतो, कारण पटकथा लिहिणाऱ्याने टोपली रिकामीच पाहिलेली असते.

वेंगुर्ला-सावंतवाडीकडच्या काजू कारखान्यांचंही तेच. काजू कापणीच्या यंत्रावर बाई बी पात्यांमध्ये धरते, पायाने पट्टी दाबते, हाताने दांडा फिरवते आणि टरफल उघडतं. टरफलातलं तेल कातडी जाळतं, बोटं काळी पडतात. गर अख्खा निघाला तर मोल, तुकडा झाला तर भाव पडतो. मग सोलणी, मग निवड: डब्ल्यू २४० म्हणजे एका पौंडाला २२० ते २४० गर, डब्ल्यू ३२० म्हणजे ३०० ते ३२०, आणि हे वर्गीकरण सवयीच्या बायका नजरेने करतात. अशा जागेत चित्रपटाचा एखादा प्रसंग घडलाच तर कारखाना मागे धूसर आणि पुढे प्रेमिकांचं बोलणं. हातावर कॅमेरा गेलाच तर समजावं, युनिटमध्ये कोणीतरी त्या खुर्चीवर बसून पाहिलं होतं.

पडद्यावर अजिबात न आलेला एक प्रसंग तर घरोघरी घडतो. चतुर्थीला माहेरी आलेल्या बहिणींना भाऊ गौरीविसर्जनानंतर तालुक्याला घेऊन जातात आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हक्कसोडपत्रावर, म्हणजे माहेरच्या जमिनीतला हिस्सा सोडल्याच्या कागदावर, सह्या होतात. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू एकत्र कुटुंबात मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हिस्सा आहे, आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की त्या तारखेला वडील हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही. तरी सही होते. माहेरचा दरवाजा बंद होईल ही भीती, भावाबद्दलची खरी माया, आंब्याच्या बागेचा आजचा भाव, सोबत आलेल्या नवऱ्याचं गप्प राहणं, हे सगळं त्या एका बाकावर बसलेलं असतं. कोकणावरच्या कौटुंबिक चित्रपटात जमिनीचं भांडण भावाभावांत लागतं. बहीण त्यात रडते किंवा समेट घडवते. तिचा हिस्सा हा प्रश्नच कोणी लिहीत नाही.

लिहिलं की काय होतं याची उदाहरणं आपल्याच किनाऱ्यावर आहेत. पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ला २०२४ मध्ये कान महोत्सवात ग्रां प्री मिळालं, आणि त्या चित्रपटाचा शेवटचा भाग रत्नागिरीच्या किनाऱ्यावर घडतो. छाया कदम यांनी केलेली पार्वती मुंबईच्या रुग्णालयात स्वयंपाक करते. नवरा गेलेला, घराचे कागद कधी तिच्या हाती आलेच नाहीत, म्हणून बिल्डर तिला बाहेर काढू शकतो आणि ती गावी परतते. गिरणगावातून कोकणात परतलेल्या कितीतरी बायकांची कथा या एका कागदावर अडलेली आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ने सुवर्णकमळ मिळवलं. त्यातली जानकी किनाऱ्यावर येते ती कासवांच्या संवर्धनाच्या कामात हात लावायला. अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’मधली आई सरकारी नोकरीत बदली होऊन कोकणात आलेली आहे आणि तिचं ऑफिस हे चित्रपटात खरंखुरं ठिकाण आहे. हा शेवटचा चित्रपट पुरुषाने केलेला आहे हे मुद्दाम सांगतो. पुरुषाला बाई लिहिता येत नाही असं माझं म्हणणंच नाही. बाईचं काम, तिची नोकरी, तिचे कागद चित्रपटात आले की बाई आपोआप माणूस होते, आणि ते येण्याची शक्यता निर्णयाच्या टेबलावर बायका असल्या की वाढते, इतकंच.

त्या टेबलावर किती बायका असतात? हॉलिवूड अभिनेत्री जीना डेव्हिस यांच्या संस्थेने २०१४ मध्ये निरनिराळ्या देशांच्या लोकप्रिय चित्रपटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. भारतीय चित्रपटांत बोलणाऱ्या किंवा नाव असलेल्या पात्रांपैकी २४.९ टक्के स्त्रिया होत्या, आणि दिग्दर्शकांत स्त्रिया ९.१ टक्के. अलीकडे संख्या थोडी सरकली आहे, पण कोकणातल्या कुठल्याही शूटिंगला जाऊन विभाग मोजा. वेशभूषा, केशरचना, कंटिन्युटी (एका शॉटचा दुसऱ्याशी मेळ राखणं) इथे बायका दिसतील. कॅमेरा, लाइट, साउंड, ग्रिप (कॅमेऱ्याची ट्रॉली-क्रेन सांभाळणारे), प्रॉडक्शन इथे जवळजवळ नाहीत. आणि चित्रपटाचा वेळ आणि पैसा ज्या विभागांच्या शब्दावर हलतो ते हे दुसरे विभाग आहेत.

‘बायका मिळत नाहीत’ हे यावरचं ठरलेलं उत्तर. ते चित्रपटाइतकंच जुनं आहे. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीचं काम अण्णा साळुंके यांनी केलं, कारण बाई मिळाली नाही. लगेच पुढच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई दोघी पडद्यावर आल्या. अशक्य वाटणारी गोष्ट एका चित्रपटाच्या अंतरावर होती. पडद्यामागे मात्र दार आतून लावलेलं होतं. मुंबईच्या चित्रपट व्यवसायात बायकांना मेकअप आर्टिस्ट म्हणून संघटनेचं कार्ड मिळत नसे. केस करा, पण चेहऱ्याला हात लावू नका, अशी पन्नासहून अधिक वर्षांची रीत होती. ती मोडायला नोव्हेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. तेव्हा ‘मिळत नाहीत’ म्हणण्याआधी कुठलं दार कोणी लावलं होतं हे बघावं लागतं.

आपल्याकडच्या दशावतार आणि नमन या लोकनाट्यांत बाईची भूमिका पुरुष करतात, आणि त्यात पिढ्यान्पिढ्यांची कमावलेली कला आहे. लुगडं नेसण्यापासून आवाज लावण्यापर्यंत. अलीकडे बायकांचीही दशावतारी आणि नमन मंडळं उभी राहत आहेत, हे उत्तमच. पण रात्रभर चालणाऱ्या, गावोगाव फिरणाऱ्या मेळ्याची कारणं चित्रपटाला लागू होत नाहीत, त्यामुळे परंपरेचा आधार कोणी घेऊ नये.

आता बाई युनिटमध्ये नसल्याने पडद्यावर नेमकं काय बिघडतं ते एका विभागापुरतं जवळून बघू. विभाग साउंडचा. समजा किनाऱ्यावर प्रसंग आहे आणि एका स्थानिक बाईला चार वाक्यं बोलायची आहेत. समुद्राची गाज आणि वारा यामुळे वरून धरलेला बूम माईक जवळजवळ निकामी. लेपल माईकच, म्हणजे कपड्याला लावायचा छोटा माईक, लावायला हवा. तो हनुवटीखाली साधारण एक वीत अंतरावर, ब्लाउजच्या काठाच्या आतून, टेपने पक्का बसवावा लागतो. पदराची खळ असलेली कड त्यावर घासली तर प्रत्येक हालचालीला खरखर येते, म्हणून पदर आणि माईक यांच्यामध्ये मऊ टेपची घडी लागते. ट्रान्समीटर कमरेला मागे लावला तर काष्ट्याच्या गाठीखाली दबतो आणि बाई वाकली की सुटतो. नऊवारीत तो मांडीला पट्ट्याने बांधणं किंवा पाठीवर ब्लाउजच्या आत पट्टीत ठेवणं बरं. टोपली उचलताना हात वर गेले की केबल ओढली जाते, त्यामुळे आत एक सैल वेटोळं सोडावं लागतं. हे सगळं बंद खोलीत, घाई न करता, दहा-बारा मिनिटांचं काम आहे.

साउंडला सगळे पुरुष असतील तर ते काम होतच नाही. व्यावसायिक अभिनेत्री संकोच गिळून स्वतःच माईक लावते, चुकीच्या जागी. गावातली बाई परक्या पुरुषाला हात लावू देणार नाही, आणि तिने का द्यावा? मग माईक घाईने पदरावरच टाचला जातो किंवा लावलाच जात नाही. रेकॉर्ड झालेल्या आवाजात वारा आणि खरखर. तो ट्रॅक फक्त डबिंगच्या आधारासाठी उरतो. डबिंग मुंबईत. तिथे चार वाक्यांसाठी गुहागरहून बाईला बोलवायचं म्हणजे प्रवास, राहणं, स्टुडिओचा तास, म्हणून शहरातली डबिंग कलाकार ते करून टाकते. तिला मालवणीचा हेल सांगितलेला असतो आणि प्रसंग असतो संगमेश्वरी बोलीच्या गावातला. पडद्यावर चेहरा गुहागरचा, आवाज तिसऱ्याच कोणाचा. प्रेक्षक म्हणतात, बोली जमली नाही. मुळात जमली नाही ती साउंडला एक सहायक बाई न घेतल्याने.

यावर इलाज फार महाग नाही. साउंड विभागात एक बाई, तालुक्याच्या गावातली शिकाऊ असली तरी चालेल. माईक बांधायचं तंत्र दोन दिवसांत हाताशी येतं. आणि शॉट संपल्या संपल्या त्याच बाईकडून तीच वाक्यं जवळच्या घरात, दारं लावून, भिंतींवर गोधड्या टांगून वाइल्ड ट्रॅक (कॅमेऱ्याशिवाय नुसता आवाज) म्हणून रेकॉर्ड करून घ्यावीत. तिचा दम, तिचा सूर ताजा असतो तेव्हाच. अर्ध्या तासात मुंबईचं डबिंग टळू शकतं.

संडासाचा विषय लोक खासगी समजतात. तो प्रॉडक्शनचा विषय आहे. जांभ्या दगडाच्या सड्यावर (उघड्या पठारावर) शूटिंग असलं की डोळा पोचेल तिथवर झाड नसतं. पुरुष मंडळी कुठेतरी जाऊन येतात. बायका पाणी पिणं बंद करतात. एप्रिल-मेच्या उन्हात बारा तासांच्या शिफ्टमध्ये पाणी न पिता उभं राहिलं की चक्कर, डोकेदुखी आणि मूत्रमार्गाचा संसर्ग हे सरळ येतं. पाळीच्या दिवसांत तर कामच सोडावं लागतं. केरळ सरकारने २०१७ मध्ये नेमलेल्या हेमा समितीचा अहवाल ऑगस्ट २०२४ मध्ये लोकांसमोर आला, त्यात लैंगिक छळाच्या गंभीर गोष्टींसोबत शूटिंगच्या जागी स्वच्छतागृह आणि कपडे बदलायची खोली नसण्याची नोंद आहे. ती नोंद किरकोळ नाही. ज्या कामाच्या जागी बाईला दिवसभर थांबताच येत नाही तिथे ती कॅमेऱ्याची फोकस पुलर (फोकस सांभाळणारी सहायक) होणार कशी?

व्हॅनिटी व्हॅन हे यावरचं शहरी उत्तर कोकणात अनेकदा चालत नाही. वाडीचा रस्ता अरुंद, पुढे पाखाडी (पायऱ्यांची वाट) सुरू होते, व्हॅन हमरस्त्यावरच राहते आणि तीही मुख्य कलाकारांसाठी. इथे वेगळी सोय लागते. रेकीतच, लोकेशनपासून पाच मिनिटांच्या चालीवर असलेलं एक घर भाड्याने ठरवायचं: त्याचं न्हाणीघर, संडास, एक बंद होणारी खोली. घरमालकिणीशी लेखी भाडं ठरवून, पाण्याचा टँकर आणि सफाईचे पैसे वेगळे धरून. सड्यावर घर नसेल तर तंबूतला सुटा संडास, वीस-पंचवीस माणसांमागे एक, बायकांचा वेगळा, झाकणाची कचरापेटी आत, आणि वाऱ्याच्या दिशेला दार नको. हे बजेटात स्वतंत्र ओळ म्हणून आलं तर होतं. ‘किरकोळ’ खात्यात टाकलं की पहिल्या दिवशीच कापलं जातं. आणि रेकीच्या गाडीत बाई असेल तर हा प्रश्न पहिल्या तासात विचारला जातो. मथळ्यातली मागणी एवढ्यासाठी.

गर्दीच्या प्रसंगांना लागणाऱ्या स्थानिक बायकांविषयी थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण कोकणातल्या चित्रपटात सर्वाधिक बायका त्याच असतात. दिग्दर्शकाला हवी असते रुंद, ओली, चकाकणारी पुळण आणि कोवळं किंवा कलतं ऊन. म्हणजे सकाळ-संध्याकाळी सुकती (ओहोटी) हवी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशेब किनाऱ्यावरच्या घरांत तोंडी असतो: अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणून सुकती बाराला, डोक्यावर ऊन. पौर्णिमा-अमावास्येला भरती सव्वाअकराच्या आसपास आणि सुकती सकाळ-संध्याकाळी पाचच्या पुढे. शूटिंगला हेच दिवस सोयीचे. पण उधाणाच्या याच दिवसांत पाणी सगळ्यात लांब हटतं, खडक उघडे पडतात आणि बायका कालवं फोडायला, तिसऱ्या-खुबे हे शिंपले वेचायला बाहेर पडतात. महिन्यातले त्यांच्या कमाईचे सगळ्यात चांगले दिवस आणि कॅमेऱ्याचे सगळ्यात चांगले दिवस एकच.

हे माहीत नसलेला प्रॉडक्शन मॅनेजर गर्दीच्या माणसांचा ठरलेला भाव लावतो. वर स्थानिक कोऑर्डिनेटरचा हिस्सा कापला जातो, आणि मालिकांच्या व्यवसायातली नव्वद दिवसांनी पैसे देण्याची सवय इथेही येते. सहाचा कॉल म्हणजे घरचं पाणी, भाकऱ्या, गुरं उरकून त्या बाईचा दिवस पहाटे तीनला सुरू झालेला असतो. मग ती दुसऱ्या दिवशी येत नाही आणि कंटिन्युटी तुटते. तेव्हा ‘गावातल्या बायका शब्द पाळत नाहीत’ असं बोललं जातं. त्या दिवशीची बुडालेली कमाई विचारून त्याहून वरचा भाव ठरवावा, पैसे त्याच संध्याकाळी बाईच्या स्वतःच्या खात्यात जावेत, आणि कोऑर्डिनेटरचं मानधन निर्मात्याने वेगळं द्यावं. यापुढची पायरी अशी की त्यांना पुळणीवर नुसतं उभं करण्याऐवजी, त्यांची संमती घेऊन आणि मोबदला देऊन, खडकावरचं त्यांचं कामच चित्रित करावं. कालवं फोडणारा हात कोणत्याही नृत्यदिग्दर्शकाला बसवता येणार नाही.

लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा अशा युनिटला पूर्ण लागू आहे. दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तर अंतर्गत समिती हवी, तिची अध्यक्ष बाई, निम्म्या तरी सदस्य बायका, एक सदस्य बाहेरची. रोजंदारीवरची, कंत्राटदारामार्फत आलेली, शिकाऊ, सगळ्या बायका यात येतात. मालकाने दिलेली गाडीसुद्धा कामाच्या जागेत मोडते, म्हणजे मालवणच्या हॉटेलातून लोकेशनवर जाणारी टेम्पो ट्रॅव्हलरसुद्धा. तक्रार तीन महिन्यांत, चौकशी नव्वद दिवसांत. प्रत्यक्षात काय होतं? समिती मुंबईच्या कार्यालयातल्या फाइलीत असते. युनिट पंचवीस दिवसांत शूटिंग आटोपून जातं आणि गावातल्या बाईला कोणाला फोन करायचा हेच माहीत नसतं. मार्च २०२२ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने चित्रपटाच्या निर्मिती युनिटलाच समिती बंधनकारक केली, ते यासाठीच महत्त्वाचं. आपल्याकडे किमान रोजच्या कॉलशीटवर, रुग्णालय आणि पोलीस ठाण्याच्या नंबरांखाली, समितीच्या दोन बायकांची नावं आणि फोन मराठीत छापावेत, आणि जिल्ह्याच्या स्थानिक समितीचाही नंबर द्यावा. छोट्या युनिटला किंवा तक्रार निर्मात्याविरुद्धच असेल तेव्हा तीच समिती उपयोगाची. निर्मात्याला यात एक पैसा खर्च नाही.

खर्चाचा आक्षेप मात्र इतर बाबतींत खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. मराठी चित्रपटाचं बजेट तुटपुंजं असतं, शूटिंगचे दिवस मोजके, एक दिवस वाढला तर निर्माता कर्जात जातो. पण वरच्या यादीत दिवस वाढवणारी गोष्ट एकही नाही. उलट तुटलेली कंटिन्युटी, वाया गेलेला साउंड, मुंबईतलं डबिंग हे सगळं पैसे खाणारंच आहे. दुसरा आक्षेप असा येतो की अटी घातल्या की कलेचं स्वातंत्र्य जातं. कथेत काय असावं यावर सरकारने अट घालू नयेच, या बाबतीत मी ठाम आहे. सक्षम नायिका दाखवा असा आदेश निघाला तर भाषणं देणाऱ्या नायिका निघतील. अट असावी कामाच्या जागेवर: कोण नोकरीला आहे, कोणाला किती दिलं, सोय काय केली. कारखान्याला अशा अटी आहेत, चित्रपटाला का नकोत?

महाराष्ट्र सरकार मराठी चित्रपटांचं परीक्षण करून अ आणि ब दर्जानुसार अनुदान देतं. त्या गुणपत्रिकेत काही गुण पडद्यामागच्या नेमणुकांना ठेवता येतील. दिग्दर्शन, पटकथा, छायाचित्रण, साउंड, संकलन, कलादिग्दर्शन या सहांपैकी दोन विभागांची प्रमुख बाई असेल तर गुण. प्रमुख नसेल तरी प्रत्येक तांत्रिक विभागात एक पगारी सहायक बाई असेल तर गुण. शूटिंग जिल्ह्यात असेल आणि त्यातल्या दोघी त्याच जिल्ह्यातल्या असतील तर आणखी. पुरावा म्हणून पगाराची बँक नोंद आणि कॉलशीटांच्या प्रती. नुसती यादी चालणार नाही, कारण नातेवाइकांची नावं भरणं सोपं असतं. केरळच्या राज्य चित्रपट विकास महामंडळाने तर स्त्री-दिग्दर्शकांसाठी थेट योजना काढली आणि चित्रपटामागे दीड कोटीपर्यंत निधी ठेवला. आपण तिथवर जायच्या आधी निदान गुणपत्रिका बदलावी.

आणि माणसं आहेत. कोकणातल्या तालुक्याच्या गावी लग्नाचे व्हिडिओ शूट करायला मुलगे जातात आणि दुकानात बसून ते संकलित करणाऱ्या अनेकदा मुली असतात. टाइमलाइन, रंग, आवाजाची पातळी त्यांना सगळं येतं. स्वतःच्या चुलीपुढे मोबाइल उभा करून रोज व्हिडिओ करणाऱ्या बायका उजेडाची दिशा आणि धुराचा त्रास कोणाही सहायकाइतका ओळखतात. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवत पर्यटकांना कांदळवन दाखवतात. खाडीतल्या शॉटसाठी कॅमेरा होडीत चढवायचा तर पाण्याची ओढ आणि होडीचा तोल त्यांच्याइतका कोणाला कळणार? या सगळ्यांना युनिटमध्ये यायची वाट हवी आहे, आणि ती वाट म्हणजे पूर्ण शेड्युलसाठी पगारी सहायकाची जागा. बिनपगारी ‘अनुभव’ ज्यांचं घर पैशावाचून चालतं त्यांनाच परवडतो.

शेवटी उरते श्रेयनामावली. कोकणात चित्रित झालेल्या चित्रपटाच्या अखेरीस बहुतेक वेळा एक ओळ येते: आभार, समस्त ग्रामस्थ. घर देणाऱ्या मालकाचं, सरपंचांचं नाव वेगळं असतं. बोली शिकवणारी बाई, लुगडं नेसवून देणारी, साठ माणसांना भाकऱ्या पुरवणारी, माईक बांधायला शिकलेली मुलगी, या सगळ्या त्या एका ओळीत विरून जातात. पुढचं काम मिळवायला दाखवायचं काही उरत नाही, आणि संघटनेच्या कार्डासाठी अनुभवाचा पुरावाही नाही. ही नावं मिळवायला वेगळा शोध घ्यावा लागत नाही. पैसे देताना बँक खात्याचा जो फॉर्म भरून घेतात त्यावरच ‘पडद्यावर नाव कसं लिहायचं’ आणि ‘काम काय केलं’ अशा दोन ओळी वाढवाव्यात, आणि त्या बाईकडूनच भरून घ्याव्यात. कोणी माहेरचं आडनाव सांगेल, कोणी सासरचं, कोणी दोन्ही. हे शूटिंगच्या दिवसांतच व्हायला हवं, कारण सेन्सॉरचं प्रमाणपत्र मिळाल्यावर चित्रपटात काहीही बदललं तर मंडळाला कळवावं लागतं, आणि एका राहून गेलेल्या नावासाठी तेवढी खटपट कुठलाही निर्माता करत नाही.